घोटण्याआधीचं थांबणं

आमच्या आत्याच्या लेखी थर्मामीटर म्हणजे ताप आलेल्या माणसाच्या काखेत ठेवायची वस्तू. नारळाच्या वडीचा पाक ती चिमटीत धरून बघते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये तार किती लांब येते, तुटताना कशी तुटते, त्यावरून 'अजून दोन कढ येऊ देत' किंवा 'उतरव, उतरव, पुढे जाईल' असा निकाल देते. तिची वडी भुगा झाल्याचं आमच्या घराण्यात कुणी ऐकलेलं नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या हट्टाखातर ती चॉकलेट फज करायला उभी राहिली. साखर, दूध, कोको, लोणी. पाक तिने अचूक पकडला. मग तिचे हात जे आयुष्यभर करत आले तेच त्यांनी केलं. पातेलं उतरवलं आणि मिश्रण गरम असतानाच जोर लावून घोटलं, गोळा होताच ताटात थापलं, उलथन्याने रेघा मारल्या. दिसायला सुरेख. तोंडात टाकलं तर साखर कचकच दाताखाली येत होती. आत्याने एक तुकडा खाल्ला आणि म्हणाली, "चॉकलेट भेसळीचं असणार."

चॉकलेटचा दोष नव्हता. पाकाचाही नव्हता. चुकलं ते पाक आणि घोटणं यांच्या मधलं काहीतरी, आणि ते काय हे मला त्या वेळी सांगता आलं नाही. प्रस्तुत पुस्तकाचं हस्तलिखित हाती आलं तेव्हा मी आधी ते पान शोधलं. ते सापडलं म्हणून ही प्रस्तावना लिहायला होकार दिला. नाहीतर खरं सांगतो, एवढ्याशा वडीवर अख्खं पुस्तक म्हटल्यावर माझ्या कपाळावर आठी पडली होती. आपल्याकडे मासिकांच्या दिवाळी अंकांत फजची कृती येते ती चार ओळींची, आणि 'मिश्रण आळलं की तूप लावलेल्या ताटात ओता' या वाक्याशी संपते. सगळी मेख त्या 'आळलं की'मध्ये असते आणि ती तिथेच गाडलेली राहते.

आधी फज म्हणजे काय ते नीट ठरवलं पाहिजे, कारण आपल्या बाजारात हे नाव कशालाही लावतात. केकवर ओततात त्या दाट चॉकलेटलाही फज म्हणतात, आइस्क्रीमवरच्या गरम सॉसलाही, आणि खव्यात कोको मळून वर्ख लावलेल्या बर्फीलाही. बर्फीचा जीव खव्यात असतो, दुधाच्या घट्ट झालेल्या कणांत. फजचा जीव साखरेत आहे. चॉकलेटचं नाव पुढे असलं तरी ते इथे चवीपुरतं आणि रंगापुरतं. अंगाने फज म्हणजे साखरेच्या असंख्य अतिसूक्ष्म स्फटिकांचा ढीग आणि त्या स्फटिकांना धरून ठेवणारा दूध-लोणी-चॉकलेटचा थोडा दाट पाक. स्फटिक इतके बारीक हवेत की जिभेला ते वेगळे कळू नयेत. एका मिलिमीटरच्या चाळीसाव्या-पन्नासाव्या भागाहून मोठे झाले की जीभ लगेच तक्रार करते. पण स्फटिक मुळीच नसले तर तो फज नाही, मऊ टॉफी झाली. म्हणजे साखर फुटायला तर हवी, पण आपल्या मर्जीने आणि आपण ठरवलेल्या वेळी. आपल्याकडे पाकात साखर फुटली की बायका हळहळतात. इथे ती फोडायचीच असते.

हा पदार्थ अमेरिकेचा, आणि त्याचं वयही फार नाही. नाव मात्र जुनं आहे. इंग्रजीत हा शब्द 'काहीतरीच', 'फेकाफेकी' अशा अर्थाने अठराव्या शतकात रूढ होता. ऑलिव्हर गोल्डस्मिथच्या १७६६ सालच्या 'द व्हिकार ऑफ वेकफिल्ड' या कादंबरीतलं एक पात्र समोरच्यांच्या बढाया या एकाच शब्दाने उडवून लावतं. तो शब्द मिठाईला कसा चिकटला, याच्या कथा पुष्कळ आहेत. कुणाचं तरी कॅरॅमल बिघडलं आणि फज झाला, ही त्यातली सगळ्यांची लाडकी. मला ती सोयीची वाटते, खरी वाटत नाही. लेखिकाबाईंनीही तिला एका ओळीपलीकडे जागा दिलेली नाही, हे बरं केलं.

कागदावर सापडणारी गोष्ट जास्त चांगली आहे. एमेलिन हार्टरिज नावाची एक मुलगी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या व्हासार कॉलेजात शिकत होती. तिने पुढे एका पत्रात लिहून ठेवलं की १८८६ साली बाल्टिमोर शहरात तिच्या एका मैत्रिणीची चुलत-मावस नात्यातली बहीण फज करत असे आणि तो पौंडाला ४० सेंट भावाने विकला जाई. हार्टरिजने ती कृती मिळवली आणि १८८८ साली कॉलेजातल्या वरच्या वर्गाच्या लिलावासाठी ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर, फज केला. कृती साधी होती. दोन कप साखर, एक कप साय, दोन औंस बिनगोडाचं चॉकलेट आणि चमचाभर लोणी. आज ती जिथे जिथे छापली जाते तिथे वड्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या कापायला सांगितलेल्या असतात. हे वाचून मला उगाचच घरच्यासारखं वाटलं.

या सनावळीपाशी मराठी वाचकाने जरा थांबावं. १८८६च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम अमेरिकेत गेल्या, १८८८पर्यंत तिथे हिंडल्या, आणि १८८९ साली 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक त्यांनी मराठीत दिलं. त्यात तिथल्या स्त्रियांच्या शिक्षणाबद्दल त्या किती कौतुकाने लिहितात. फिलाडेल्फियाहून बाल्टिमोर म्हणजे आपल्या मुंबई-पुण्याएवढ्या अंतरावर. या दोघींनी फज खाल्ला असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला कसलाही आधार नाही. पण रमाबाईंना ज्या मुलींच्या कॉलेजांचं अप्रूप वाटलं, तशाच कॉलेजांच्या वसतिगृहांत, त्याच दोन-तीन वर्षांत, या वडीचं बारसं होत होतं. फजचा इतिहास म्हणजे एका अर्थी स्त्रीशिक्षणाच्या इतिहासाची पानाखालची टीप आहे.

हे योगायोगाने झालं नाही. घर सोडून चार वर्षं वसतिगृहात राहणारी मुलगी ही तेव्हाची नवीच गोष्ट होती. जेवण ठरलेलं, बेचव, आणि रात्री दहाला दिवे मालवायचे. खोलीत स्वयंपाकघर नाही, पण टेबलावर अन्न गरम ठेवायचं स्पिरिटच्या दिव्याचं भांडं असायचं आणि भिंतीवर गॅसचा दिवा. साखर त्या शतकाच्या अखेरीस स्वस्त झाली होती, वडीचं चॉकलेट वाण्याकडे मिळू लागलं होतं. भट्टी नको, साचा नको, अंडी नकोत, पीठ नको. एक पातेलं, एक चमचा, आणि दाराशी पाळत ठेवायला एक मैत्रीण एवढ्यात भागायचं. व्हासारहून कृती वेलस्ली आणि स्मिथ या मॅसॅच्युसेट्समधल्या, दोन्ही १८७५ साली सुरू झालेल्या कॉलेजांत पोचली आणि तिथे तिला पाठभेद फुटले. स्मिथच्या मुलींनी तपकिरी साखर आणि काकवी घातली, वेलस्लीच्या मुलींनी मार्शमॅलो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉल्टर बेकर या चॉकलेट कंपनीने आपल्या पाककृतींच्या पुस्तिकेत तिन्ही कॉलेजांचे फज शेजारी शेजारी छापले. गायकीच्या घराण्यांसारखी ही तीन घराणी. गाणं एकच, लगाव वेगळा.

त्या पुस्तिकेतला व्हासारचा फज मी नीट वाचला आणि आत्याची आठवण आली. पातेलं उतरवा आणि चांगलं निवेपर्यंत घोटत राहा, असं त्यात आहे. म्हणजे गरम असल्यापासून घोटायचं. आत्या जे करते तेच. १८८८ सालच्या त्या मुलींचा फज बहुधा आत्याच्या फजसारखाच दाताखाली थोडा कचकचत असणार आणि त्याचं कुणाला काही वाटतही नसेल. 'आधी थांबा, मग घोटा' हे शहाणपण नंतरच्या कृतींत आलं. माझ्या मते फजचा सगळा इतिहास म्हणजे या एका विरामाचा इतिहास आहे. आधी तो नव्हता. मग तो सापडला. आणि मग लोक तो टाळायच्या मागे लागले.

विराम कशासाठी, ते सांगतो. नेहमीच्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात साखर विरघळते साधारण २०० ग्रॅम. उकळत्या पाण्यात जवळजवळ ४८०. पाक आटत जातो तसा त्याचा उत्कलनबिंदू चढतो आणि ११२ ते ११५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान तो नरम गोळीचा होतो. वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकला तर त्याची गोळी वळता येते, पण बोटांवर ती लगेच चपटी होते. या टप्प्यावर पाकात सुमारे ८५ टक्के साखर असते. दूध-लोणी बाजूला ठेवून नुसता पाक धरला, तर तो ४३ अंशांपर्यंत निवल्यावर त्यात जेवढी साखर खरोखर मावायला हवी त्याच्या दुपटीहून जास्त साखर कोंबलेली असते. ती बाहेर पडायला टपलेली असते, फक्त निमित्त हवं. एखादा न विरघळलेला दाणा, कडेला चिकटलेला खडा, चमच्याचा धक्का, काहीही चालतं.

हे निमित्त पाक गरम असताना मिळालं तर थोडेच स्फटिक जन्मतात. पाक पातळ असतो, साखरेचे रेणू मोकळेपणी हिंडतात, आणि येऊन येऊन त्या थोड्यांवरच बसतात. थोडे गब्बर होतात. तेच निमित्त पाक निवून मधासारखा जड झाल्यावर मिळालं, आणि मिळालं ते सगळीकडे एकदम, तर एकाच वेळी लाखो स्फटिक धरतात. साखर सगळ्यांत वाटली जाते, कुणालाच फार मोठं होता येत नाही. जेवायला अचानक शंभर पानं मांडली तर लाडू प्रत्येकाला अर्धाच मिळतो, तसं. म्हणून नियम असा: ११४ अंशांना उतरवा. वर लोणी आणि व्हॅनिला टाका, पण ढवळू नका. पातेलं हलवू नका. चमचा घालून 'कितपत झालं' बघू नका. कोमट होईपर्यंत, म्हणजे तळहात पातेल्याखाली सुखाने धरता येईल इतपत निवेपर्यंत, नुसतं बसा. मग घोटा, आणि घोटायला लागलात की थांबू नका. आधी चकाकी असते. दहा-पंधरा मिनिटांनी हात भरून येतो, शिव्या सुचायला लागतात, आणि त्याच सुमारास चकाकी एकाएकी मावळते. मिश्रण मॅट होतं, चमच्यामागे पडलेली वाट बुजायला वेळ लागतो. तो क्षण. त्याच्या आधी ओतलं तर वडी धरत नाही, अर्ध्या मिनिटाने उशीर झाला तर फज पातेल्यातच दगड होऊन बसतो.

मराठी स्वयंपाकघराला यातलं अर्धं शास्त्र तोंडपाठ आहे. एकतारी, दोनतारी, गोळीबंद ही आपली तापमापनाची पद्धतच आहे. गुलाबजामच्या पाकात आपण लिंबाचे दोन थेंब टाकतो ते साखर फुटू नये म्हणून. लिंबाच्या आम्लाने साखरेचा थोडा भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो आणि हे पाहुणे स्फटिकांच्या रांगेत घुसून रांग मोडतात. अमेरिकन बाई कॉर्न सिरपचा चमचा घालते तो याच कारणासाठी. आपल्याकडे बेकरीच्या सामानाच्या दुकानात ते लिक्विड ग्लुकोज या नावाने मिळतं. आपल्याला सवय नाही ती मधल्या अर्ध्या-पाऊण तासाची. आपल्या वड्या विस्तवावरच किंवा उतरवल्या उतरवल्या घोटल्या जातात, तिथेच गोळा होतात, कडा सोडतात आणि गरम गरम थापल्या जातात. स्वयंपाकघरात हात जोडून बसणं हे आपल्या आया-आत्यांना आळशीपणाचं लक्षण वाटतं. फज शिकणं म्हणजे मुख्यतः हा संस्कार मोडणं.

कॉलेजांच्या समांतर एक वेगळी शाखा वाढली ती बाजारपेठेत. मिशिगन राज्यात ह्युरॉन सरोवरात मॅकिनॉ नावाचं बेट आहे. तिथे १८९८पासून मोटारींना बंदी आहे, अजून घोडागाड्या चालतात, आणि उन्हाळ्यात हवापालटाला येणाऱ्यांना स्थानिक लोक थट्टेने 'फजी' म्हणतात, इतका त्या बेटाचा आणि फजचा संबंध घट्ट आहे. मर्डिक कुटुंबाच्या दुकानापासून ही परंपरा मोजतात. तिथे फज पातेल्यात घोटत नाहीत. तांब्याच्या कढईतला उकळता पाक थेट संगमरवराच्या लादीवर ओततात. दगड उष्णता भराभर ओढून घेतो, आणि कारागीर लांब दांड्याचं उलथनं घेऊन लादीभोवती फिरत फिरत मिश्रण उचलून दुमडत राहतो, शेवटी त्याचा लांबट पाव होतो आणि त्याचे काप कापले जातात. हे सगळं रस्त्यावरून दिसेल असं मुद्दाम करतात. आपल्याकडे उसाचा चरक किंवा जिलबीची कढई दुकानाच्या तोंडाशी असते, त्यातलाच प्रकार. विराम इथेही आहे, फक्त दगडाने तो आखूड केलाय.

घराघरांत फज पोचवला तो मात्र डब्यांनी. हर्शी कंपनीच्या कोकोच्या डब्यावर छापलेली कृती अमेरिकेतल्या कित्येक पिढ्यांची पाठ आहे: तीन कप साखर, दोन तृतीयांश कप कोको, दीड कप दूध, पाव कप लोणी, चिमूट मीठ, व्हॅनिला. वडीच्या चॉकलेटऐवजी कोको आल्याने खर्च कमी झाला. मला स्वतःला हाच फज सगळ्यांत आवडतो. सायीचा फज एका तुकड्यात तृप्ती देतो, कोकोच्या फजला एक कोरडा कडवटपणा असतो, त्यामुळे हात पुन्हा डब्याकडे जातो.

डब्यावरची कृती लाखो स्वयंपाकघरांत गेली आणि लाखो स्वयंपाकघरांत बिघडली. मग हमखास जमणाऱ्या फजचा जमाना आला. मॅसॅच्युसेट्समधली ड्युर्की-मोवर कंपनी १९२०पासून मार्शमॅलोची मऊ क्रीम बरणीत भरून विकत होती. १९५०च्या दशकात बरणीवरच्या फजच्या कृतीचं नावच 'कधी न चुकणारा' असं होतं. साखर, आटवलेलं दूध आणि मार्शमॅलो क्रीम काही मिनिटं उकळायचं, उतरवून त्यात चॉकलेटचे तुकडे ढवळायचे, झालं. त्या क्रीममधल्या कॉर्न सिरपमुळे आणि अंड्याच्या पांढऱ्यामुळे स्फटिकांना मोठं व्हायला वावच मिळत नाही, आणि निवल्यावर वडी धरते ती बरीचशी चॉकलेटमधल्या कोको बटरच्या जोरावर. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या पत्नी मेमी यांच्या नावाने गाजलेला 'मिलियन डॉलर फज' याच कुळातला: साडेचार कप साखर, चोवीस औंस चॉकलेट, वर मार्शमॅलो क्रीम आणि अक्रोड. त्यापुढची पायरी म्हणजे साखर उकळायचीच नाही. कंडेन्स्ड मिल्कच्या डब्यात चॉकलेट वितळवायचं आणि फ्रीजमध्ये ठेवायचं.

हे ऐकून हसू नये. आपणही तेच केलंय. कंडेन्स्ड मिल्क आणि दुधाची पावडर मायक्रोवेव्हमध्ये फिरवून सात मिनिटांत पेढे हा प्रकार मुंबईपासून न्यू जर्सीपर्यंतच्या मराठी घरांत दिवाळीला, गणपतीला सर्रास होतो. तो पेढा वाईट नसतो. पण ज्याने भट्टीवर परतलेल्या खव्याचा पेढा खाल्लाय त्याला दोन्हींतला फरक सांगावा लागत नाही. मार्शमॅलोचा फज चिवट-गुळगुळीत, कंडेन्स्ड मिल्कचा चिकट-मऊ. जुन्या फजचा तुकडा दाताखाली आधी किंचित ठिसूळ लागतो आणि लगेच जिभेवर विरघळून जातो, ते या दोहोंत नाही, कारण ते स्फटिकांचं काम आहे. 'कधी न चुकणारा' फज चुकत नाही, कारण ज्यात चुकायची शक्यता होती तेच त्यातून काढून टाकलंय.

ब्रिटनकडे वळलं तर तिथे चॉकलेटला दुय्यम मान. स्कॉटलंडचं 'टॅब्लेट' फजच्याही आधीचं, अठराव्या शतकापासूनचं, मुद्दाम दाणेदार आणि इतकं गोड की दात शिवशिवतात. डेव्हन-कॉर्नवॉलचा सायीचा फज त्यामानाने सौम्य. मेक्सिकोच्या कच्च्या साखरेच्या नावावरून आलेला तपकिरी पेनूशे आणि क्युबेकचा साखर-सायीचा प्रकार हीही याच कुळातली मंडळी. पुस्तकात ती सगळी भेटतात, मी नुसती तोंडओळख करून देतोय.

आपल्याकडे फज म्हटलं की लोणावळा. पुण्या-मुंबईच्या माणसाने गाडी थांबल्यावर चिक्कीबरोबर फजची पेटी घेतली नाही असं क्वचित होतं. स्टेशनजवळच्या कूपरच्या दुकानातला अक्रोडाचा चॉकलेट फज खाण्यासाठी लोक वाट वाकडी करतात. घाटमाथ्यावरचं गार हवेचं गाव, हवापालटाला येणारी गर्दी, परतताना घरी न्यायला टिकाऊ गोड काहीतरी. मॅकिनॉ आणि लोणावळा यांची कुंडली जवळजवळ एकच आहे. दुसरी वाट वांद्र्याच्या, वसईच्या ख्रिस्ती घरांतून येते. नाताळच्या ताटात नेवऱ्या, कुलकुल, पेरूचं चीज आणि मार्झिपान यांच्या शेजारी 'मिल्क क्रीम' असते. दूध, साखर आणि काजू-बदामाची पूड आटवून, घोटून, छोट्या साच्यांत दाबलेली. चॉकलेट नाही, पण घोटायची जात तीच, आणि त्या घरांतल्या आजींना 'गोळा कधी होतो' हे आमच्या आत्याइतकंच कळतं. लेखिकाबाईंनी या दोन्ही वाटा धुंडाळल्या आहेत आणि मला वाटतं मराठी फजच्या पुस्तकाला खरी जागा मिळते ती इथे.

हे पुस्तक आत्ताच का, याची मला दोन-तीन कारणं दिसतात. पहिलं पैशाचं. २०२४ साली आयव्हरी कोस्ट आणि घाना इथलं पीक हातचं गेल्यामुळे कोकोचा जागतिक भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला आणि वर्षअखेरीस १२,०००च्या आसपास पोचला. त्यानंतर चॉकलेटच्या वडीतलं चॉकलेट बारकाईने वाचायची सवय लावून घ्यायला हवी. आपल्याकडे 'कुकिंग चॉकलेट' म्हणून जी स्वस्त लादी मिळते ती बहुतेकदा कंपाउंड असते. तिच्यात कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती तूप असतं. फजमध्ये ते पुष्कळदा सुटून वर तेलाचा तवंग येतो आणि करणारीला वाटतं आपला हात बिघडला. जुन्या पद्धतीच्या फजला मात्र दोन औंस कडू चॉकलेट किंवा चार-पाच मोठे चमचे चांगला कोको पुरतो. केरळात, कर्नाटकात आता कोको पिकतो, तेव्हा तो शोधणंही अवघड नाही. महागाईत थोड्या चॉकलेटमधून पुष्कळ चॉकलेटपण काढणारा पदार्थ दुसरा मला माहीत नाही.

दुसरं कारण मोबाइलचं. पडद्यावर तीस सेकंदांत होणाऱ्या फजने घरोघरी कंडेन्स्ड मिल्क नेलं, पण पाक बघायची नजर घालवली. गंमत म्हणजे पाकाचा थर्मामीटर आता पाचशे-सातशे रुपयांत घरपोच मिळतो. आत्याची चिमूट शिकायला वीस वर्षं लागली, हा आकडा शिकायला एक दुपार पुरते. चिमटीची जागा आकड्याने घ्यावी असं माझं म्हणणं नाही. पण ज्यांच्या घरात आत्या नाही त्यांनी काय करायचं?

पुस्तकाचा खटाटोप हा असा आहे: आकडा आणि चिमूट यांची गाठ घालून देणं. अमेरिकन पुस्तकातलं ११४ अंश आपल्या ओट्यावर आणताना काय काय आड येतं, ते लेखिकाबाईंनी करून पाहून लिहिलंय. पुण्यात पाणी उकळतं सुमारे ९८ अंशांना, महाबळेश्वरला ९५च्या जरा वर. पाकाचा आकडाही तितकाच खाली ओढावा लागतो. तसं न करता महाबळेश्वरला ११४ गाठलेत तर हाती फज नाही, घट्ट टॉफी येईल. म्हणून आधी थर्मामीटर नुसत्या उकळत्या पाण्यात बुडवून आपल्या गावचा आकडा लिहून ठेवा, ही त्यांची पहिलीच सूचना, आणि मी वाचलेल्या कुठल्याही परदेशी पुस्तकापेक्षा ती उपयोगाची आहे. कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्यात साखर हवेतली ओल ओढते, तेव्हा पाक एखादा अंश पुढे नेणं बरं. म्हशीच्या दुधाची स्निग्धता, आपल्याकडच्या डबाबंद सायीचा पातळपणा, कडेचे खडे धुऊन काढायला सुरुवातीला ठेवायचं झाकण, जाड बुडाचं पातेलं. या गोष्टींवर त्या रेंगाळतात आणि रेंगाळायलाच हवं. सुंदर फोटोंनी भरलेली पाकपुस्तकं बाजारात उदंड आहेत. बिघडलेल्या पदार्थांचे फोटो छापणारं मी तरी हे पहिलंच पाहतोय.

एका मुद्द्यावर मात्र माझं आणि लेखिकाबाईंचं जमलेलं नाही, आणि फोनवर दोन-तीनदा वाजलंही आहे. त्यांना फज रेशमासारखाच हवा. दाणा लागला की त्या तो नापास करतात. मला किंचित दाणेदार फज आवडतो. स्कॉटलंडमध्ये ती परंपरा आहे आणि व्हासारच्या मुलींनी तसाच खाल्ला असणार. शिवाय आपल्या जिभेला कलाकंदाची, आंबावडीची सवय आहे, तिला अगदी गुळगुळीत गोष्ट थोडी परकी वाटते. त्यांचं उत्तर असं की दाणा ठरवून आणता आला तर ती आवड, नाहीतर अपघात. यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही. तरीही व्हासारची मूळ कृती, गरम घोटण्याची, त्यांनी परिशिष्टात का होईना ठेवली, याबद्दल त्यांचे आभार.

नवख्याने सुरुवात कोकोच्या फजने करावी, आणि अर्ध्या मापाने करू नये. थोडा पाक फार भराभर निवतो आणि थर्मामीटरचं टोकही त्यात बुडत नाही. बिघडला तर घाबरू नये. दाणेदार झालेला फज थोडं पाणी किंवा दूध घालून पुन्हा विरघळवता येतो, पुन्हा उकळून पुन्हा तिथवर नेता येतो. दुसऱ्यांदा तो बऱ्याचदा अधिकच चांगला होतो. आपल्या मोडलेल्या वड्यांचंही आपण हेच करतो, नाही का?

ही प्रस्तावना लिहिण्याआधी पुस्तक हातात धरून मी स्वतः तीनदा फज केला. पहिल्या वेळी धीर सुटला, ६० अंशांनाच चमचा घातला. दुसऱ्या वेळी घोटताना फोन आला, तो घेतला, आणि फज चमच्यासकट पातेल्यात गोठला. तो चमचा गरम पाण्यात बुडवून सोडवावा लागला. तिसऱ्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवला, रेडिओ लावला आणि पातेल्याकडे पाठ करून पन्नास मिनिटं बसलो. चकाकी मावळताना मी पाहिली. डबा भरून आत्याकडे नेला. तिने एक तुकडा तोंडात ठेवला, डोळे मिटले, बराच वेळ काही बोलली नाही. मग दुसरा उचलत म्हणाली, "वडी छान जमलीय रे. नारळ घालायला विसरलास का?"